रोजा आणि इन्सुलिन: तयारी रज्जबपासूनच

रमजानचा चंद्र दिसला की निपाणीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात दरवर्षी तोच प्रश्न येतो: "सकाळची सुई आता घ्यायची की सोडायची?" हा प्रश्न पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्री, तोही दुकानदाराला, विचारण्याचा नव्हे. तो सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे रज्जब महिन्यातच, आपल्या डॉक्टरांना विचारावा. कारण इन्सुलिनचा डोस आणि त्याची वेळ या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतात आणि बदललेला डोस अंगाला जुळतो की नाही हे पाहायला काही दिवस हाताशी असावे लागतात.

काहींनी रोजा न धरणेच योग्य आहे. गेल्या तीन महिन्यांत शुगर उतरून बेशुद्धी आलेले किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर तयार होणारी आम्लद्रव्ये) वाढून दवाखान्यात भरती झालेले, शुगर उतरल्याची लक्षणे ज्यांना जाणवतच नाहीत असे, डायलिसिसवर असलेले आणि इन्सुलिन घेणाऱ्या गर्भवती यांना डॉक्टर स्पष्ट नकार देतात. टाइप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तेव्हा, तर धोका नेहमीच मोठा असतो. कुरआनच्या सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकांच्या आयतींमध्ये आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. कझा करावा (सुटलेला रोजा नंतर धरावा) की फिदिया (रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण) द्यावा हे आपल्या मौलानांना विचारून घ्यावे. ही सवलत घेताना मन खाऊ लागते, हे मी अनेक बुजुर्गांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. म्हणून डॉक्टर आणि मौलाना या दोघांचेही म्हणणे घरच्यांनी सोबत बसून ऐकावे.

ज्यांना परवानगी मिळते त्यांच्या डोसचे वेळापत्रक उलटे होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. मिक्स (जलद आणि सावकाश काम करणारे एकत्र) इन्सुलिन दोन वेळा घेणाऱ्याचा सकाळचा मोठा डोस सहसा इफ्तारला (संध्याकाळी रोजा सोडताना) जातो आणि रात्रीचा डोस पाव ते निम्मा कमी करून सहरीला (पहाटे रोज्याआधीच्या जेवणाला) घेतला जातो. समजा, सकाळी २० आणि रात्री १४ युनिट चालू असतील, तर इफ्तारला २० आणि सहरीला ७ ते १० युनिट, असा हिशेब होतो. दिवसातून एकदाच घ्यायचे लांब पल्ल्याचे इन्सुलिन १५ ते ३० टक्के कमी करून इफ्तारला घेतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपला आकडा डॉक्टरांनीच ठरवावा. टाइप १ असेल तर रोजा असो वा नसो, लांब पल्ल्याचे इन्सुलिन पूर्ण बंद कधीही करू नये.

इफ्तारच्या वेळी एक चूक हमखास होते. अजान होताच सुई टोचली जाते, खजूर आणि पाणी घेऊन माणूस मगरिबच्या नमाजासाठी मशिदीत जातो आणि जेवायला परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास निघून जातो. जलद इन्सुलिन तेवढ्यात कामाला लागलेले असते, म्हणून ते ताट समोर आल्यावरच घ्यावे. साध्या ३०/७० मिक्स इन्सुलिनला मात्र जेवणाआधी सुमारे अर्धा तास द्यावा लागतो. तेव्हा आपल्या इन्सुलिनसाठी खजूर, सुई, नमाज आणि जेवण यांचा क्रम आधीच ठरवून घ्यावा.

सुई आणि बाटली यांचा मेळही तपासावा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात व त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. पेनच्या काडतुसात मात्र एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. काडतुसातले औषध लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. सहरीच्या घाईत, झोपेच्या डोळ्यांनी, ही चूक सहज होते.

बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनच्या सुईबाबतही बहुतेक उलेमांचे मत तेच आहे. सहरीपूर्वी, सकाळी, दुपारी, इफ्तारच्या आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी तपासावे आणि अंगात काही वेगळे वाटले तर त्याच क्षणी तपासावे. विडी वळताना बोटे थरथरली, पानावर कात्री नीट चालेना, कपाळावर गार घाम आला, तर तो थकवा आहे असे समजून बसू नये. शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा त्याच वेळी सोडावा, मग इफ्तारला दहाच मिनिटे का उरलेली असेनात. ७० ते ९० च्या दरम्यान असेल तर तासाभरात पुन्हा तपासावे. हे आकडे उर्दू, मराठी किंवा कन्नड, घरात जी लिपी सगळ्यांना वाचता येते तिच्यात लिहून फ्रिजच्या दारावर लावावेत, कारण शुगर उतरलेल्या माणसाला स्वतःचा निर्णय नीट घेता येत नाही.

शुगर उतरल्यास तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवावे. अशा वेळी कुंदा (दूध आटवून केलेली मिठाई) देऊ नये. त्यातल्या दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. शुगर वाढलेली असताना उलट्या, पोटदुखी किंवा जोराचा श्वास सुरू झाला, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सहरी न करता रोजा धरू नये आणि सहरी वेळ संपत येताना करावी. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, अंडे, दही असे सावकाश पचणारे खाणे आणि भरपूर पाणी घ्यावे. इफ्तारला एक-दोन खजूर पुरेत. सरबत आणि भजी यांनी रात्रीची शुगर चढते. तरावीह (रमजानमधली रात्रीची लांब नमाज) हा व्यायामच आहे, म्हणून दिवसा वेगळे श्रम टाळावेत.

ईदच्या सकाळी शिरखुर्मा समोर येतो आणि बरेच जण त्या दिवशीही रमजानचाच डोस घेतात. जुन्या वेळापत्रकावर कोणत्या सुईपासून परतायचे, हेही रज्जबमधल्या त्याच भेटीत चिठ्ठीवर लिहून घ्यावे.