शाळेतल्या बाईंना पत्र कसं लिहावं

३१ वर्षं मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात टपाल वाटलं. लग्नपत्रिका, बँकेच्या नोटिसा, विम्याची पत्रं, मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी. विद्यार्थ्यानं आपल्या गुरुजींना किंवा बाईंना लिहिलेलं पत्र मात्र इतक्या वर्षांत दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकंच झोळीत आलं असेल. (पत्र म्हटलं की पोस्टमन पुढूनमागून बघतोच, त्याबद्दल पुढे सांगतो.) दरवर्षी ५ सप्टेंबरला मोबाइलवर फुलांचे गुच्छ फिरतात, त्यातला एकही कुणा म्हाताऱ्या मास्तरांच्या उंबऱ्यावर पोचवायची वेळ माझ्यावर आली नाही. आणि मी स्वतः? रोज पोस्टात जाऊन, पन्नास पैशांचं कार्ड हाताशी असताना, तिसरीच्या बाईंना पहिलं पत्र लिहायला मला ४४ वर्षं लागली. तुमची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

पत्ता शोधायच्या आधी काय लिहायचं ते ठरवा. इथंच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. माणूस कागद घेऊन बसतो आणि 'आपण आमच्यावर केलेले संस्कार' असं लिहून थांबतो. संस्कार हा शब्द पत्रात आणूच नका. 'घडवलंत', 'दिशा दिलीत', 'आपल्या आशीर्वादानं' हेही नको. ही भाषणातली भाषा. निरोप समारंभात बाईंनी ती पोटभर ऐकलेली असते. त्याऐवजी स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज माझा हात असं कुठलं काम करतो, जे या माणसानं शिकवलं नसतं तर मला आलं नसतं? उत्तर बारीकसारीकच यायला पाहिजे. काटकोन धरून भिंत बघणं. पाढा उलटा म्हणणं. चारचौघांत उभं राहून नाव सांगणं. मोठं उत्तर आलं, तर अजून शोधा.

माझं उत्तर सांगतो. माझे वडील मुंबईला गिरणीत. महिन्या-दीड महिन्यानं त्यांचं आंतरदेशीय पत्र यायचं. आईला वाचता येत नव्हतं. ती पत्र घेऊन दुकानदाराकडे जायची आणि तो ते दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकं असताना, मोठ्यानं वाचायचा. 'या महिन्याला पैसे पाठवायला जमणार नाही' हे आईच्या आधी गावाला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात उधारी बंद. मी तेव्हा तिसरीत. पुस्तक घडाघडा वाचायचो, पण वडिलांचं पत्र हातात आलं की अडखळायचो. पुस्तकातली अक्षरं छापील, सुटी, उभी. पत्रातली एकमेकांच्या गळ्यात पडलेली. त्यातून वडील पत्र खोलीतल्या कुणाकडून तरी लिहून घ्यायचे, म्हणजे दर वेळी हात वेगळा. बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि स्वतःच्या पेटीतली जुनी पत्रं वाचायला दिली. त्यांच्या भावाचं एक पत्र मला अजून दिसतं. त्याचा 'ळ' हुबेहूब 'छ'सारखा. दोन महिन्यांत मी कुणाच्याही हातचं अक्षर वाचायला लागलो. दुकानदाराकडचे हेलपाटे बंद झाले, असं मी पुढची ४४ वर्षं धरून चाललो होतो.

आता पत्ता. दहावीच्या ग्रुपवर विचारून बघा, पण त्यावर विसंबू नका. मी विचारलं तेव्हा पस्तीस जणांनी हात जोडले, चौघांनी 'ग्रेट' लिहिलं आणि पत्ता कुणीच दिला नाही. खरी माणसं वेगळी असतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होत असतात, तेव्हा शाळेत जाऊन 'बाई कुठं राहतात' असं विचारलं तर आजचे मुख्याध्यापक काय सांगणार, ते बाईंच्या नंतर जन्मलेले. त्यांना विचारायचं ते एवढंच, की इथून निवृत्त झालेले जवळपास कोण राहतात. निवृत्त शिक्षकाला दुसऱ्या निवृत्त शिक्षकाचा ठावठिकाणा पक्का माहीत असतो, कारण ते नोव्हेंबरात भेटतात. राज्य सरकारचा पेन्शनर वर्षातून एकदा, नोव्हेंबर महिन्यात, हयात असल्याची सही करायला बँकेत येतो. आता मोबाइलवरही दाखला काढता येतो, पण जुनी माणसं बँकेतच येतात, आणि सहीपेक्षा बाकड्यावरच्या गप्पांसाठी येतात. त्या बाकड्याशी जाऊन विचारा. काउंटरवरच्या माणसाला विचारू नका, तो सांगणार नाही आणि त्यानं सांगूही नये. मला बाईंचा पत्ता असाच मिळाला, एका निवृत्त हेडमास्तरांकडून.

बाईंच्या बाबतीत एक अडचण जास्तीची. आपल्याला आठवतं ते नाव माहेरचं असू शकतं. आमच्या बाई गावात आल्या तेव्हा लग्न व्हायचं होतं. पुढे नाव बदललं, आडनाव बदललं, मी जुन्या नावानं शोधत बसलो. म्हणून नावापेक्षा 'अमुक साली अमुक गावच्या शाळेत तिसरीला होत्या त्या' असं विचारत चला. पाकिटावर बाईंच्या नावाखाली मुलाचं किंवा यजमानांचं नाव 'द्वारा' म्हणून घाला. हल्ली दारावरच्या पाटीवर मुलाचंच नाव असतं आणि नवा पोस्टमन पाटी वाचतो.

कार्ड की पाकीट, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टात शिक्का मारणारा वाचतो, पोस्टमन वाचतो, दारात घेणारी सून वाचते आणि मग ते बाईंच्या हातात पडतं. एरवी हा कार्डाचा दोष. पण कुणाचं चांगलं लिहायचं असेल तर तीन माणसांनी वाटेत वाचलेलं काय वाईट? सुनेला कळतं की सासूबाईंनी काय काय करून ठेवलंय. मी तर म्हणेन की आभाराला कार्डच घ्यावं. अपवाद एकच. बाईंनी तुमची फी गुपचूप भरली असेल, घरातली दारू, मारहाण, उपास त्यांना माहीत असेल, त्यांनी तेव्हा झाकलं असेल, तर ते पाकिटातच जाऊ द्या. त्यांनी झाकलेलं आपण उघडं करायचं नाही. कार्डाला पन्नास पैसे, आंतरदेशीयला अडीच रुपये, साध्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट. लहान पोस्टात कार्डं कधी कधी शिल्लक नसतात, तेव्हा मिळतील तेव्हा चार घेऊन ठेवा. आणि साध्या टपालानंच पाठवा. सही घेऊन द्यायचं टपाल दारात आलं की म्हाताऱ्या माणसाच्या पोटात आधी गोळा येतो.

लिहायला बॉलपेन घ्या. जेल पेननं लिहिलेला पत्ता जुलैच्या पावसात वाहून जातो, मी अशी कितीतरी पाकिटं अंदाजानं वाटली आहेत. अक्षर टपोरं काढा, दोन ओळींत बोटभर जागा सोडा. वाचणाऱ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं धरूनच चाला.

मायना जुन्या पद्धतीचा ठेवा, त्यांना तो आवडतो. वर मध्यभागी श्री. आई-वडिलांना तीर्थरूप, आई-वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांना तीर्थस्वरूप, म्हणून बाईंना 'ती. स्व.' मग 'शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. नवीन मुलांना हे लिहिताना संकोच वाटत असेल तर 'आदरणीय बाई, नमस्कार' पुरे. 'हाय मॅम' नको एवढंच.

पहिल्या दोन ओळींत आपण कोण ते नीट सांगा. बाईंच्या हाताखालून दीड-दोन हजार मुलं सहज गेली असतील. 'ओळखलंत का?' हा प्रश्न तर अजिबात विचारू नका, तो परीक्षा घेतल्यासारखा होतो. साल, गाव, इयत्ता, कुठं बसायचो, कुणाचा मुलगा, एवढं द्या. त्यानंतर ती एकच गोष्ट. त्यानंतर त्या गोष्टीचं पुढे काय झालं. आपल्या बंगल्याचं, गाडीचं, मुलाच्या कॅनडाचं इथं काही काम नाही. फार तर एका ओळीत नोकरी सांगा. मी लिहिलं ते असं:

'ती. स्व. बाईंना, शि. सा. न. वि. वि. मी १९७४-७५ साली तिसरीला आपल्या वर्गात होतो. दाराशी, बस्करपट्टीच्या टोकाला बसायचो. वडील मुंबईला गिरणीत होते. शाळा सुटल्यावर आपण मला हातानं लिहिलेली पत्रं वाचायला शिकवलंत. आपल्या भावाच्या पत्रातला ळ मला छ वाटायचा. पुढे मी पोस्टमन झालो. वाचता न येणाऱ्या बायकांना मी पत्रं वाचून दाखवायचो, तेव्हा त्यांना आत बोलावून, आवाज लहान ठेवून वाचायचो. एवढं कळवायचं राहिलं होतं. उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. कळावे, लोभ असावा ही विनंती.'

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. हात थरथरत असेल, तब्येत बरी नसेल, त्यांना आपण उत्तराच्या ओझ्याखाली ठेवायचं नाही. आणि पत्रात 'लवकरच भेटायला येतो' लिहू नका, येणार असाल तरच लिहा. ती माणसं खरंच वाट बघतात. (शाल-श्रीफळ घेऊन सत्कार करायला जाणार असाल तर माझं मत विचारू नका. मी टपाल द्यायला ज्या ज्या निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो, तिथं कपाटावर घडी न मोडलेल्या शालींचा ढीग होता.)

पत्ता लिहिताना पिनकोड घाला. हा पिनकोड आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवला. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतातले कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो सुरू झाला. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिल्या तीन आकड्यांवर टपालाची मोठी वाटणी होते, शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात. ४१५ बघून लोक सातारा म्हणतात, पण चिपळूण आणि रत्नागिरीही ४१५ मध्येच बसतात, तेव्हा शेवटचे तीन आकडे चुकले तर कार्ड घाट चढून-उतरून परत यायचं. आमच्या बाई चिपळूणला होत्या, म्हणून हे तोंडपाठ.

पाठवणाऱ्याचा, म्हणजे तुमचा, पत्ताही नीट लिहा. पत्र पोचलं नाही तर पोस्टमन त्यावर शेरा मारतो आणि ते तुमच्याकडे परत येतं. 'पत्ता अपूर्ण', 'सोडून गेले', आणि कधी 'मयत'. तुमचा पत्ताच नसेल तर ते न पोचलेल्या पत्रांच्या कचेरीत जाऊन पडतं आणि तुम्ही इकडे बाईंवर रुसून बसता. 'मयत' लिहून परत आलं, तर तेच पत्र पाकिटात घालून त्यांच्या मुलांच्या नावानं पुन्हा त्याच पत्त्यावर टाका. एकदा एका गुरुजींच्या मुलानं असं पत्र माझ्यासमोर दारातच उघडलं. वाचून झाल्यावर त्यानं मला आत बोलावून चहा केला आणि पुन्हा एकदा वाचून दाखवलं. माझ्या हातात अजून अर्धं टपाल होतं, पण उठवेना.

उत्तर आलं, तर त्यात तुमची गोष्ट असेलच असं नाही. मला तीन आठवड्यांनी आंतरदेशीय आलं. पत्रं वाचायला शिकवल्याचं बाईंना आठवत नव्हतं. ळ आणि छ तर नाहीच. त्यांना आठवत होती माझी आई. लिहिलं होतं, 'मी पंचवीस वर्षांची, एकटी, पावसाळा सुरू झाला की त्या खोलीत मला फार भीती वाटायची. तुझी आई रात्री सोबतीला येऊन झोपायची. येताना पावट्याच्या शेंगा आणायची.' हे मला माहीत नव्हतं. आम्ही भावंडं आजीजवळ झोपायचो, आई रात्री कुठं जाते हे विचारायचं वय नव्हतं. आणि आता विचारावं तर आई २०११ सालीच गेली. अशा वेळी 'नाही बाई, तुम्ही मला शिकवलंत' असा हट्ट धरू नका. त्यांना जे आठवतंय ते लिहू द्या, आपण विचारत राहायचं.

मी विचारलं, रात्री तुम्ही दोघी काय बोलायचात?

महिन्यानं उत्तर आलं. 'बोलायचो कुठलं. ती कनवटीला तुझ्या वडिलांचं पत्र लावून यायची. दिवा बारीक करून मी वाचून दाखवायचे, तीन-तीनदा. वैशाखात माझी बदली होणार असं कळलं होतं. तुला शिकवलं असेन ते त्यामुळेच.'

दुसऱ्या पत्रापासून कार्ड घेऊ नका. आंतरदेशीय घ्या, मावत नाही.