ग्लास-पीपी शीटचे थर सुटत होते, शिवण घालून थांबले

जळगाव एमआयडीसीत आम्ही ग्लास कापड (काचेच्या तंतूंचं) आणि पॉलिप्रॉपिलिन (पीपी) या प्लास्टिकच्या फिल्मचे थर गरम प्रेसमध्ये दाबून शीट बनवतो. ड्रिल मारलं की भोकाभोवतीचे थर सुटायचे. दाब वाढवला, तर प्लास्टिक कडेने बाहेर आलं. तापमान वाढवलं, तर शीट पिवळी पडली. डोकं पार उठलं होतं.

शेवटी थर आरपार शिवले. सुती दोरा प्रेसमध्ये तपकिरी पडून तुटला. पॉलिएस्टर २५० अंशांपुढे वितळतो खरा, पण त्याच्या कितीतरी आधी आकसतो आणि शीटला चुण्या पडतात. टिकला तो अ‍ॅरामिड (केव्हलरच्या जातीचा) दोरा. तो वितळतच नाही. साध्या कात्रीलाही दाद देत नाही, हे वेगळं.

क्रम असा: थर कोरडेच रचून कडा क्लिपांनी पकडा. मशीन सीट कव्हरवाल्याकडचं, जाड शिवणीचं. सुई गोल टोकाची. वरच्या दोऱ्याचा ताण सैल, बॉबिनचा घट्ट ठेवा, म्हणजे गाठ खालच्या पृष्ठावर येते. थरांमध्ये अडकली तर तंतू वाकतात. टाका ५ मिमी, दोन ओळींत १० मिमी. फार दाट शिवलं तर सुईच तंतू तोडते. मग २०० अंशांवर प्रेस, आणि दाब न काढता ८० अंशांखाली थंड करा. गरम असताना उघडली तर टाक्यांभोवती पोकळ्या राहतात.

आता थर सुटायला लागले, तरी पुढच्या ओळीपाशी अडतात.