ग्रीन सर्टिफिकेट हवंय? मग या चुका टाळा

इमारत उभी राहून रंगकाम सुरू झालं की फोन येतो, "आता तेवढं ग्रीन सर्टिफिकेटचं बघून घ्या." तेव्हा बघण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. खिडक्यांच्या दिशा ठरलेल्या, काचा बसलेल्या, राडारोडा कुठल्या तरी खड्ड्यात गेलेला. तीच तीच चूक निस्तरून कंटाळलोय, म्हणून हे लिहितोय. आकडे लीडच्या (LEED, पर्यावरणपूरक इमारतींना गुण देऊन सर्टिफिकेट देणारी पद्धत) चौथ्या आवृत्तीतले आहेत.

पूर्वअटी न वाचता पॉइंट मोजायला बसू नका. एकूण ११० पॉइंट, गोल्डला ६०, प्लॅटिनमला ८०, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पूर्वअटींना मात्र एकही पॉइंट नाही, आणि त्यातली एक जरी हुकली तरी सर्टिफिकेट मिळत नाही. दारं, उघडणाऱ्या खिडक्या आणि ताजी हवा आत घेण्याच्या जागा यांच्यापासून २५ फुटांच्या आत धूम्रपानबंदी, ही त्यातलीच एक अट. मी पूर्वअटींची यादी छापून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावतो आणि प्रत्येकीपुढे जबाबदार माणसाचं नाव लिहितो. गोल्ड हवं असेल तर ६६ पॉइंट हातात दिसल्याशिवाय मी होकार देत नाही, कारण तपासणीत काही पॉइंट जातातच.

आता फ्लश-आउट. नवे रंग, गोंद, गालिचे, फर्निचर यांतून निघणारी रसायनं माणसं राहायला येण्याआधी भरपूर बाहेरची हवा खेळवून काढून टाकायची, हा त्याचा हेतू. प्रत्येक चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा लागते. आत तापमान किमान १५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा जास्त नको. एका ऑफिसच्या कामात साइट इंजिनिअर मला म्हणाला, "सर, झालं, दोन रात्री सगळे पंखे लावून ठेवले होते." मी कॅल्क्युलेटर काढला. त्यांची यंत्रणा चौरस फुटामागे मिनिटाला अर्धा घनफूट बाहेरची हवा देत होती. म्हणजे २८,००० मिनिटं, साडेएकोणीस दिवस, रात्रंदिवस. ताब्याची तारीख मात्र नऊ दिवसांवर.

मालकांना समजावून तारीख पुढे ढकलली, फ्लश-आउट सुरू केला. अकराव्या दिवशी जिन्यातच वास आला. वर जाऊन पाहतो तर सुतार मीटिंग रूमच्या दारांना पॉलिश मारत बसलेला. त्याचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दारं वाळू दिली आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. तेव्हापासून माझ्या वेळापत्रकात फ्लश-आउट ही वेगळी ओळ असते, आणि त्या दिवसांत किल्ल्या माझ्याकडे. अगदीच घाई असेल तर चौरस फुटामागे ३,५०० घनफूट झाल्यावर माणसांना आत घेता येतं, उरलेली हवा नंतर नियमाप्रमाणे पुरी करायची. किंवा हवेची चाचणी करून घ्यायची. हे आधी ठरवा. त्या हवेत रोज आठ तास बसणाऱ्या माणसांचा हा प्रश्न आहे.

लो-व्हीओसी, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी सोडणारं साहित्य, म्हणजे फक्त भिंतीचा रंग नव्हे. प्रायमर, सीलंट आणि लाद्यांखालचा गोंदही त्यात येतो.

किती टक्के राडारोडा खड्ड्यात न जाता पुन्हा वापरात गेला, याचा हिशेब "तीन ट्रक गेले" असा चालत नाही. वजन हवं, नाहीतर आकारमान, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच माप. खोदकामाची माती त्यात धरून टक्केवारी फुगवू नका, ती मोजलीच जात नाही. वजनकाट्याच्या पावतीचा फोटो आल्याशिवाय मी पुढचा ट्रक भरू देत नाही. ठेकेदार चिडतात. चिडू द्या.

दुसरी चूक मला जास्त सलते. ऊर्जेचं सिम्युलेशन, म्हणजे इमारत किती वीज खाईल याचं संगणकावरचं मॉडेल, छान होतं, आणि मग खर्च कमी करायच्या बैठकीत पश्चिमेच्या, ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या उडवल्या जातात. वर म्हणतात, "छज्जा आहे की." पश्चिमेचं ऊन दुपारनंतर खाली उतरून, तिरकं येतं, आडव्या छज्ज्याखालून ते सरळ टेबलावर पडतं. अशा एका इमारतीत मी पाहिलं, दुपारी तीनला लोकांनी काचेला कागद चिकटवले होते आणि आत सगळे दिवे चालू. उजेडासाठी केलेल्या काचेचा उजेड गेला, एसीचा भार वाढला, आणि सिम्युलेशन ज्या इमारतीचं होतं ती इमारत उरलीच नाही. नकाशात रेघ बदलली की मॉडेल त्याच आठवड्यात पुन्हा चालवा. छतावर सोलर पॅनेल टाकून हे झाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आधी ऊन अडवा, पॅनेल नंतर.

कमिशनिंगचा माणूस, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का हे तपासणारा, डिझाइनच्या वेळीच नेमा. यंत्रं फॉल्स सीलिंगमध्ये बंद झाल्यावर आलेला माणूस कागदच तपासतो. मी सीलिंग बंद व्हायच्या आधी शिडीवर चढून प्रत्येक डँपर (हवेच्या नळीतली झडप) हाताने फिरवून बघतो. अडकलेला एखादा तरी सापडतो.