गिझरचा जोड गळतोय? या चुका टाळा

जुन्या गिझरचा जोड ठिबकायला लागला की हात आधी पान्याकडे जातो आणि निम्मं काम तिथेच बिघडतं. जोड बहुतेक वेळा ढिला झालेला नसतोच. आतलं वॉशर कडक झालेलं असतं, नाहीतर आटे गंजलेले असतात. आणखी आवळलं की वॉशर चिरतं किंवा टाकीचा आटाच तुटून हातात येतो.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते बघा. पाणी पाइपावरून ओघळून सर्वांत खालच्या जोडावर थेंब धरतं, म्हणून भलताच जोड उघडला जातो. सगळं कोरडं पुसा आणि वरून खाली एकेका जोडावर टिश्यू कागद टेकवत या. बाहेरच्या कव्हरच्या तळातून तांबूस पाणी येत असेल, तर बहुधा टाकीच गेली आहे. जोड बदलून काही होणार नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतला जादा दाब बाहेर सोडणारी झडप, ठिबकला तर घाबरू नका. २० वरून ७० अंशांवर जाताना पाणी सुमारे २ टक्के फुगतं, म्हणजे १५ लिटरच्या टाकीतून साधारण ३०० मिलीलीटर पाणी बाहेर येऊ शकतं. गिझर बंद असतानाही ठिबकत राहिला, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलेत किंवा पुरवठ्याचा दाब जास्त आहे. त्याच्या तोंडाला बूच मारणं मात्र जिवावर बेतेल.

जोड खोलण्याआधी वीज मेन स्विचवरून बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. मग इनलेटचा, म्हणजे थंड पाणी आत येण्याच्या बाजूचा, कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे दाब उतरेल. पाणी निवल्याशिवाय जोडाला हात लावू नका.

आता टेप. कनेक्शन पाइपाच्या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं व्यर्थ आहे, कारण तिथे पाणी अडवतं ते वॉशर. जुनं काढा, बसायची जागा खरवडून साफ करा आणि उष्णता सोसणारं नवं वॉशर घाला. हाताने आवळून वर पाव फेरा पुरे. टेप लागते ती आट्यांवरच बसणाऱ्या निपलला (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा छोटा तुकडा) किंवा एल्बोला (काटकोनी जोड). जुनी टेप ब्रशने पूर्ण काढा. पहिला आटा मोकळा सोडून, टोकाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पातळ टेपचे १० ते १२ वेढे ताणून द्या. उलटे दिले तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. एल्बोचं तोंड सरळ करायला तो जरा मागे फिरवला, तर सील तुटलं समजा. पुन्हा खोला, नवी टेप लावा.

खोलताना आणि आवळताना पाने दोन हवेत. एकाने टाकीचा निपल धरून ठेवा, नाहीतर सगळा पीळ टाकीच्या वेल्डिंगवर जातो.

तांब्याच्या पाइपाला जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) निपल थेट जोडलेला असेल तर गळती परत येईल, कारण तिथे जस्त आणि लोखंड झिजत राहतं. मध्ये इन्सुलेटेड युनियन, म्हणजे दोन धातूंना एकमेकांना टेकू न देणारा जोड, घाला. बाहेरून लावलेली एपॉक्सी पुटी हा तात्पुरता जुगाड.

टाकी भरून गरम नळातून हवा निघून सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका; कोरडं एलिमेंट जळतं. एकदा पूर्ण तापवा, निवू द्या आणि प्रत्येक जोडाला पुन्हा टिश्यू लावून बघा.