बाल्कनीत शिंजीर यावा म्हणून काय करायचं

सगळ्यात आधी, तुमच्या जास्वंदीवर मध प्यायला जो चिमुकला पक्षी येतो आणि ज्याला बरेच जण हमिंगबर्ड म्हणतात, तो हमिंगबर्ड नाहीये, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपला तो शिंजीर, जेमतेम 10 सेंटीमीटरचा आणि आवाज मात्र अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असा. पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा जांभळा शिंजीर नाहीतर जांभळ्या पाठीचा शिंजीर दिसतो.

लोक आधी जाऊन साखरपाण्याचा फीडर आणतात, माझ्या मते नकोच. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी पटकन आंबतं, बुरशी धरते, मुंग्या लागतात, रोज घासत कोण बसणार? त्याच पैशात हमेलियाची कुंडी आणा. केशरी-लाल नळीसारखी फुलं, जवळपास वर्षभर येतात, फांदीपासून सहज लागतं, 12 इंची कुंडी आणि चार-पाच तास ऊन मिळालं की झालं. ऊन चांगलं असेल तर रसेलिया आणि पेंटास ही फुलझाडं पण लावा. जास्वंद घेताना साधी पाच पाकळ्यांचीच घ्या. चोच आत पोचली नाही तर हे साहेब सरळ फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध पितात, तेव्हा खालून फाटलेलं फूल दिसलं तर कीड समजून औषध मारत सुटू नका. गावाकडे जागा असेल तर पांगारा, धायटी, शेवगा, मग बघायलाच नको. आणि हो, हे हवेत तरंगत फार वेळ पीत नाहीत, बसून पितात, त्यामुळे कुंडीत एक वाळकी काटकी खोचून ठेवा.

आता खरी मेख. नुसत्या मधावर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना किडे आणि कोळी लागतात, शिवाय मादी घरटं विणते ते कोळ्याच्या जाळ्यांनीच. म्हणजे बाल्कनीचा एक कोपरा झाडू न मारता सोडायचा, आई ओरडली तरी. झाडावर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मुळातून शोषली जाणारी कीटकनाशकं अजिबात नकोत, ती फुलातल्या मधात उतरतात.

विणीच्या दिवसांत नर आरशावर नाहीतर काचेवर टकटक करत बसतो, स्वतःलाच दुसरा नर समजून भांडतो, तिथे बाहेरून कागद चिकटवून टाका. वीण संपली की जांभळ्या शिंजीराच्या नराचा रंग उतरतो, पिवळट पोटावर मधोमध एक गडद पट्टा उरतो, तो आजारी नसतो हां.

पिशवीसारखं लोंबतं घरटं कपड्यांच्या दोरीवरसुद्धा बांधतात. बांधलंच तर महिनाभर कपडे दुसरीकडे वाळत घाला, फ्लॅश मारून फोटो काढू नका आणि मांजर असेल तर बाल्कनीचं दार बंद ठेवा.