डूला कशी निवडावी आणि तिची मदत कशी घ्यावी

पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत बारा-चौदा तास सहज लागतात. एवढ्या वेळात डॉक्टर आणि परिचारिका येऊन तपासून जातात, पण सतत उशाशी बसून राहणे त्यांना शक्य नसते. हे बसून राहण्याचे काम डूला करते. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ सेविका असा आहे. डूला म्हणजे सुईण नव्हे, कारण सुईण बाळंतपण करते, तर डूला आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही आणि औषधही देत नाही. पूर्वी माहेरच्या बाळंतपणात पाठ चोळायला आई किंवा मावशी जवळ असे. बाळंतपणे दवाखान्यात गेली आणि ती मावशी लेबर रूमच्या दाराबाहेर बाकावर बसली.

अशा सोबतीचा उपयोग मोजला गेला आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 17 देशांतील 26 चाचण्यांमधल्या 15,000 हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. ज्यांना प्रसूतीत अखंड सोबत मिळाली त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढले, सिझेरियन आणि वेदनाशामक औषधे कमी लागली आणि कळांचा काळही थोडा कमी झाला, असे त्यात दिसले. अर्थात डूला असली म्हणजे सिझेरियन टळणारच, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

डूला शोधण्याआधी रुग्णालयाला विचारावे, आणि तेही सहाव्या-सातव्या महिन्यातच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली; खासगी रुग्णालयांचे नियम मात्र ज्याचे त्याचे असतात. बरेचदा आत एकाच माणसाला सोडतात, तेव्हा नवरा, आई की डूला, हे घरात आधीच ठरलेले बरे. लेबर रूमच्या दारात सासूबाई आणि डूला समोरासमोर उभ्या राहिल्या, तर त्याचा ताण कळा देणाऱ्या बाईवरच येतो.

आपल्याकडे डूलांसाठी डॉक्टरांसारखी कायदेशीर नोंदणी नसल्याने पारख आपणच करावी लागते. तिने प्रशिक्षण कोठे घेतले, त्याच रात्री दुसरीकडे बोलावणे आले तर बदली कोण येईल आणि शुल्कात प्रसूतीनंतरच्या किती भेटी धरल्या आहेत, हे विचारावे. एपिड्यूरल, म्हणजे कळा बधिर करणारे पाठीतले इंजेक्शन, घ्यावेसे वाटले तर ती काय करेल, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी डूला त्यावर नाक मुरडते किंवा डॉक्टरांविरुद्ध मन कलुषित करते, तिला नम्रपणे नकार द्यावा.

निवड झाल्यावर आठव्या महिन्यापासून दोन-तीनदा सराव करावा, आणि नवऱ्यालाही त्यात बसवावे. कंबरेत कळ येते तेव्हा बाई खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पुढे वाकते. डूला माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर तळहाताचा मनगटालगतचा भाग रोवून, हात ताठ ठेवून, अंगाचा भार टाकते आणि कळ ओसरेपर्यंत दाब सोडत नाही. दाब किती हवा हे बाईने सांगायचे असते, म्हणून ‘आणखी’, ‘बास’, ‘खाली’ असे शब्द आधीच ठरवून ठेवावेत. ऐन कळेत पूर्ण वाक्य तोंडातून निघत नाही.

कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर येत राहिल्या की साधारणपणे निघायची वेळ झाली असे समजतात, पण आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. रक्तस्राव झाला, हिरवट पाणी गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र डूलाला फोन करत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे, डूलाला वाटेतून कळवता येते.

सिझेरियन ठरले तरी डूलाचे काम संपत नाही. शस्त्रक्रियागृहात तिला सोडले नाही तरी बाई बाहेर आल्यावर, टाक्यांवर भार येऊ न देता कुशीवर वळून किंवा काखेखालून बाळाला छातीशी कसे धरायचे, हे शेजारी बसून दाखवायला तीच लागते.