रिसोर्स अलोकेशनमध्ये यायचंय? आधी रिक्वेस्ट समजून घ्या

रिसोर्स अलोकेशन म्हणजे सर्व्हरची सीपीयू-मेमरी कामांमध्ये वाटून देणं. त्यासाठीच्या इंटरव्ह्यूमध्ये मी एक प्रश्न हमखास विचारतो. क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या मशीनच्या गटात) नवा पॉड (ॲप चालवणारं सगळ्यात छोटं एकक) पेंडिंग पडलाय, हे सगळं सांभाळणारं कुबरनेटीस म्हणतंय सीपीयू अपुरा आहे, आणि मॉनिटरिंगवर सगळे नोड, म्हणजे गटातली मशीन, जेमतेम २० टक्के चालताना दिसतायत. असं कसं? दोन-दोन क्लाउड सर्टिफिकेटं असलेली मुलंही इथे अडखळतात.

उत्तर सोपं आहे. शेड्युलर, म्हणजे कुठला पॉड कुठल्या नोडवर बसवायचा हे ठरवणारा भाग, प्रत्यक्ष वापर बघतच नाही, तो रिक्वेस्टची, म्हणजे पॉडने आधीच मागून ठेवलेल्या सीपीयू-मेमरीची, बेरीज बघतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच. सीट रिकामी दिसते, पण ती गेलेली असते. या क्षेत्रातलं निम्मंअधिक काम धरलेल्या आणि वापरलेल्या जागेतल्या फरकाचं आहे.

हे वाचून नाही, करून बघा. लॅपटॉपवर मिनिक्यूबला (एका मशीनवर चालणारं छोटं कुबरनेटीस) २ कोर द्या आणि प्रत्येकी १ कोरची रिक्वेस्ट असलेले दोन पॉड सोडा. आत नुसतं स्लीप (काहीच न करता थांबणारी कमांड) चालू असलं तरी चालेल. पहिला चढतो, दुसरा लटकतो. मग ‘डिस्क्राइब नोड’ करून खालचा ‘अलोकेटेड रिसोर्सेस’चा तक्ता वाचा. कुबरनेटीसच्याच एपीआय सर्व्हर, एटसीडी वगैरे मंडळींनी सुमारे पाऊण कोर आधीच अडवलेला दिसेल.

यानंतर लिमिट, म्हणजे जास्तीत जास्त किती वापरता येईल ती हद्द. मेमरीचं गणित सरळ आहे: हद्द ओलांडली की कर्नल प्रोसेस मारतो, आणि एक्झिट कोड १३७ दिसतो. सीपीयूचं प्रकरण जास्त छुपं. लिनक्स डीफॉल्टने १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत हिशोब ठेवतो. अर्ध्या कोरचं लिमिट म्हणजे प्रत्येक खिडकीत ५० मिलिसेकंद. आता ॲपचे चार थ्रेड चार कोरवर एकदम धावले, तर हा वाटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड हात बांधून बसतात. मिनिटाच्या सरासरीचा आलेख मात्र शांत दिसतो. ‘सीपीयू तर कमीच वापरतोय, मग रिस्पॉन्स का रेंगाळतोय?’ अशी तक्रार आली की आधी थ्रॉटलिंगचा, म्हणजे असं रोखून धरण्याचा, आकडा बघायचा. थ्रेड-पूल मोठे ठेवणाऱ्या जावा सर्व्हिसेसमध्ये हे वारंवार भेटतं.

एम.टेक. किंवा पीएच.डी.वाल्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. मेलबर्न विद्यापीठातून आलेला क्लाउडसिम सिम्युलेटर घ्यायचा, त्यात एखादा जेनेटिक अल्गोरिदम घालायचा आणि ‘मेकस्पॅन (सगळी कामं संपायला लागणारा एकूण वेळ) घटला’ म्हणायचं, या वाटेवर गर्दी फार झालीय. क्लाउडसिम वाईट नाही, पण त्याला खायला खरा डेटा द्या. गूगलने २०११च्या मे महिन्यातला, सुमारे १२,५०० मशीनच्या एका क्लस्टरचा २९ दिवसांचा ट्रेस (चाललेल्या कामांची नोंद) खुला केलाय, आणि पुढे २०१९चा आठ क्लस्टरचाही. त्यात मागितलेलं आणि वापरलेलं शेजारी शेजारी दिसतं. गूगलच्या बोर्ग या क्लस्टर-व्यवस्थेवरचा २०१५चा पेपरही वाचा, कुबरनेटीसची मुळं तिथे आहेत.

न्याय्य वाटपासाठी बर्कलीतून २०११ साली आलेला डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस कागदावर सोडवा. एकूण ९ सीपीयू, १८ जीबी मेमरी, वाटेकरी दोन. ‘अ’च्या प्रत्येक टास्कला १ सीपीयू, ४ जीबी, ‘ब’च्या टास्कला ३ सीपीयू, १ जीबी. कुणाला किती? ‘अ’चा जोर मेमरीवर, ‘ब’चा सीपीयूवर, दोघांचा तो मुख्य वाटा समान ठेवायचा. ‘अ’ला ३ टास्क, ‘ब’ला २, म्हणजे दोघांनाही दोन-तृतीयांश. सीपीयू संपतात, ४ जीबी पडून राहते. ती का वापरता येत नाही, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की विषय डोक्यात शिरला समजा.

नोकरीत हे काम प्लॅटफॉर्म, एसआरई (सिस्टिम भरवशाने चालू ठेवणं) किंवा फिनऑप्स (क्लाउडचा खर्च सांभाळणं) अशा पाट्यांखाली मिळतं. अल्गोरिदम तिथे क्वचितच लिहाल. खरी कसरत डेव्हलपर टीमला रिक्वेस्ट कमी करायला राजी करण्याची. ‘सर्व्हिस पडली तर जबाबदार कोण?’ हा सवाल येणारच, आणि तो रास्तच असतो. मेमरीची रिक्वेस्ट फार खाली आणली, तर नोडवर टंचाई आल्यावर रिक्वेस्टपेक्षा जास्त खाणारे पॉडच आधी हाकलले जातात. म्हणून सरासरी घेऊन बोलायला जाऊ नका. पगाराचे दिवस, सेल, महिनाअखेरचे बॅच जॉब धरून किमान महिनाभराचे उच्चांक काढा, त्यावर थोडी ऐसपैस जागा सोडा आणि आधी स्टेजिंगवर (चाचणीसाठीच्या व्यवस्थेवर), मग त्यांच्याच पसंतीच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या सर्व्हिसवर करून दाखवा. सीपीयूला हात आधी, मेमरीला सगळ्यात शेवटी.